भिकूतात्यांचं गाऱ्हाणं

आमचे शेजारी भिकूतात्या शांतपणे बोलायला लागले की अडखळतात. रागावले की मात्र एक शब्द अडकत नाही. म्हणून ते बहुतेक वेळा रागावलेलेच असतात.

साधं मीठ आणायचं तरी दुकानाच्या पायरीपासून राग गोळा करत चढतात. "पांडग्या, मीठ खंय पुरून ठेवलंस रे? काढ भायर!" पांडू निमूट पुडी देतो. नवख्याला वाटतं, आता मारामारी होणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ओटीवर घाईघाईने पानं उलटताना दिसले, की दगडी गडग्यापलीकडून तात्या सुरू होतात, "वरीसभर खंय होतंस? माडाक नारळ एका रातीत धरतत काय गो? रोज वायच, रोज थोडा थोडा!" आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अभ्यास कसा करायचा हे सांगणारं दुसरं कोणी नाही, आणि सांगणारा हा असा. मला फार राग येतो. त्यांचं खरं असतं, हा त्याहून मोठा राग.

आमच्या जत्रेत गावासाठी देवाकडे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो मान तात्यांच्या घराचा. थोरला भाऊ वारला आणि मान तात्यांवर आला. त्या घरात आता दुसरं माणूसच नाही. लगेच पारावर थट्टा सुरू झाली. देव झोपी जाईल, पण याचं गाऱ्हाणं संपायचं नाही, म्हणे. मान दुसऱ्या घराला द्या, असंही कोणी सुचवलं. माझं डोकंच फिरलं. तात्यांनी तर असे शब्द काढले की सगळा पार उठून गेला.

पण देवाकडे रागावून मागता येत नाही. तिथे नरमच बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून तात्या गोठ्यात म्हशीसमोर उभे राहू लागले. रोज एकच वाक्य. अडलं की मान लाल व्हायची, शिवी ओठांवर यायची. ती गिळून पुन्हा पहिल्यापासून. ते नीट आलं तरच पुढचं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मला बसवत. म्हैस काही म्हणत नाही, ही त्यांची तक्रार होती.

जत्रेत ते पहिल्याच शब्दाला अडले. मागे कोणीतरी हसलं. तात्यांची मान लाल झाली. आता रागावले असते तर सगळं गाऱ्हाणं एका दमात म्हणून मोकळे झाले असते. त्यांनी डोळे मिटले, थांबले, आणि हळू आवाजात पुन्हा सुरुवात केली.

समुद्रावर गेलेल्यांसाठी मागितलं. पांडूच्या दुखऱ्या पायासाठी मागितलं. पारावर हसणाऱ्यांच्या पोरांना नोकऱ्या मागितल्या. "कॉलेजात जाता त्या चेडवाक यश दी," म्हणाले, तेव्हा माझं "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या मागून आलं. अधूनमधून अडखळले, पण शेवटपर्यंत गेले. हसणारेही आता "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मला मात्र त्या लोकांचा राग अजून होता.

परतताना मी विचारलं, "तात्या, सगळ्यांसाठी मागितलंत. स्वतःसाठी?"

ते चालत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील.

"त... ता पा... पाठ करूक येळ नाय गावलो गो."