बुवा कमी, पंखा जास्त

कीर्तनाचं शूटिंग या विषयात अंबरनाथ पूर्वेला माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी नम्रपणे सांगतो. एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झालो, कॅमेरा घेतला आणि पाच वर्षांत सत्तर कीर्तनं टिपली. सगळी फुकट. सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की चाळीस जण हात जोडत. आमच्या सौभाग्यवती मीनलच्या मते, बघत मात्र कोणीच नसे.

"पैसे घेत चला," तीच म्हणाली. "पैसे मोजले की माणूस शेवटपर्यंत बघतो."

तिचं हे वाक्य तंतोतंत खरं ठरलं.

बदलापूर गावातल्या कोंडाजींनी मला तीन हजार दिले. त्यांच्या आई, विठाआजी, कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. देवळातलं हनुमान जयंतीचं कीर्तन त्यांनी साठ वर्षांत चुकवलं नव्हतं. यंदाचं घरी दाखवायचं होतं.

"निश्चिंत राहा," मी म्हटलं. "आजींना देवळात नेऊन बसवतो."

बुवा काय रंगले म्हणून सांगू! मी तर देहभान विसरलो. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी मीनलला घेऊन गेलो, आजींच्या खाटेसमोर टीव्ही लावला. सारं घर जमलं. नमन झालं, बुवा म्हणाले, "दोन्ही हात वर करून म्हणा, रामकृष्णहरी!" आणि टीव्हीवर छताचा पंखा आला.

बुवांनी सांगितल्यावर हात वर न करणारा मी कोण? फक्त हातात कॅमेरा होता. दीड तासात बुवांनी सव्वीस वेळा गजर करवला. हनुमंत समुद्रावरून झेपावले, पंखा. लंका पेटली, पुन्हा पंखा. मी डोलत होतो, म्हणून तोही डोलत होता.

"साहेब," कोंडाजी हळूच म्हणाले, "याच्यात बुवा कमी, पंखा जास्त हाये."

मी पैशांचं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. तेवढ्यात मीनलने कोपराने ढोसलं. "अहो, आजींकडे बघा."

विठाआजी पडल्यापडल्या दोन्ही हात वर करत होत्या. पंखा आला की हात वर, बुवा आले की खाली. डोळ्यांना धार.

"मना देवलात बसल्यावानी वाटतं," त्या म्हणाल्या. "हात वर केला का मना तरी दुसरं काय दिसायचं? ह्योच पंखा."

कोंडाजी पाकीट परत माझ्या खिशात कोंबू लागले. मी घेतलं नाही. सत्तर कीर्तनांनंतर शेवटपर्यंत बघणारं माणूस देवाने दिलं होतं, त्याचे आणखी पैसे कसले घ्यायचे?

तरी चूक ती चूक. गोकुळाष्टमीच्या कीर्तनाला मी ट्रायपॉड आणला आणि चित्रण आजींकडे पोचवलं. चित्र स्वच्छ, स्थिर, बुवा पहिल्यापासून शेवटपर्यंत मधोमध.

चौथ्या दिवशी कोंडाजींचा फोन आला. "साहेब, आई धा मिनिटांत झोपली. बोलते, पैसे लागले तरी चालतील, पण तो पयलावाला माणूस आणा."

"ओळखतो त्याला," मी म्हटलं. "तो पैसे घेत नाही."

ट्रायपॉडवर हल्ली मीनल टॉवेल वाळत घालते.