कॅरिनाला आवडलेला चषक

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही एका लांबलचक दिवाणखान्यात बसला आहात. भिंतींना लागून जाड गाद्या, समोर मटण घातलेल्या भाताचं मोठं ताट, आणि शेजारी वडील, जे मिनिटामिनिटाला म्हणताहेत, "नीट बस." झाली कल्पना करून? आता तुमच्या जागी कॅरिनाला बसवा.

आठ वर्षांची कॅरिना दोहात ओल्ड एअरपोर्ट भागात राहायची. तिच्या इमारतीतली पोरं एका हौशी फुटबॉल संघावर फिदा होती. संघ सारखा हरायचा, तरी पोरं घसा बसेपर्यंत ओरडायची. संघाचे मालक अबू हमद यांनी पोरांना जर्सी दिल्या, ने-आण करायला बस दिली, बसायच्या जागी उन्हासाठी छत घालून दिलं. आणि संघाने पहिलावहिला चषक जिंकला तेव्हा खेळाडूंबरोबर पोरांनाही मदिनत खलीफा भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. पोरांना सांभाळायला कॅरिनाचे पप्पा, इग्नेशियस, आले होते.

निघताना मम्मीने कॅरिनाला बजावलं होतं, "त्यांनी आपल्यासाठी एवढं केलंय. घुम्यासारखी बसू नको. काही आवडलं तर छान आहे म्हणायचं."

म्हणून गादीवर टेकताच कॅरिना अबू हमदना इंग्रजीत म्हणाली, "ही उशी छान आहे."

"तुझी," अबू हमद म्हणाले. ड्रायव्हरने उशी उचलून बसमध्ये नेऊन ठेवली.

पप्पा तिच्या कानाशी वाकले. "अगं, पाहुण्याला काही आवडलं की हे लोक ते देऊनच टाकतात. खलास, आता कशाला छान म्हणू नको."

"पण मम्मीने सांगितलंय."

"मम्मी इथे नाहीये."

तोवर ती कॉफीच्या पितळी किटलीला छान म्हणून मोकळी झाली होती. पप्पा घाईने म्हणाले, "सर, तिला तशी फार नाही आवडली."

अबू हमदना वाईट वाटलं. त्यांनी आतून मोठी किटली मागवली. दोन्ही किटल्या बसमध्ये गेल्या.

मग कॅरिनाची नजर कोपऱ्याकडे वळली. तिथे खुंटावर अबू हमद यांचा शिकारी ससाणा बसला होता. आपल्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये हा ससाणा आणि त्याच्यासमोर कॅरिनाची मम्मी, अँजेलीन, असं चित्र पप्पांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते ताडकन उठले आणि पाठ करून ससाण्यासमोर उभे राहिले.

"पप्पा, तो तुमची कॉलर खातोय."

"खाऊ दे. तू तिकडे बघ."

कॅरिनाने तिकडे बघितलं. तिकडे मेजावर चषक होता.

"किती सुंदर आहे," ती म्हणाली.

कॅप्टनचा घास हातातच राहिला. अबू हमद चषकाकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग उठले, दोन्ही हातांनी तो उचलला आणि कॅरिनाच्या मांडीवर ठेवला.

"तुझा," ते म्हणाले. "आम्ही हरायचो तेव्हा स्टँडमध्ये तुम्हीच असायचा. दुसरं कोणी नसायचं."

नको म्हणावं तर त्यांचा अपमान, घ्यावा तर सगळ्या संघाचा जीव तुटणार. पप्पा पुढे व्हायला गेले, पण मागून ससाण्याने कॉलर सोडली नव्हती.

कॅरिनाने कॅप्टनकडे पाहिलं. तो खाली मान घालून भात चिवडत होता.

"हा आता खरंच माझा?" तिने अबू हमदना विचारलं.

"तुझाच."

"तुम्हाला कसा वाटतो?"

अबू हमद हसले, पण डोळे चषकावरच होते. "कसा म्हणजे? इतकी सुंदर वस्तू या घरात आजवर आली नव्हती."

"शुक्रन," कॅरिनाने अरबीत आभार मानले. ती उठली. चषक जड होता, म्हणून पोटाशी घट्ट धरून तशीच लटपटत त्यांच्यापर्यंत चालत गेली आणि तो त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "तुमचा."