दणक्याचं पोट

रविवारी दुपारी आमच्या इमारतीतली भांडी थरथरतात. पाच मिनिटांनी दारावर थाप पडते. दारात तळमजल्यावरचा बालाजी उभा असतो, उजवा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवून. नमस्कार वगैरे काही नाही. एकच प्रश्न : “काका, कुठं लागला? छातीत का कानात?”

असा तो एकेक दार घेत वर जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्याला एकदा सुनावलं, “मेल्या, कवळीत लागला!” बालाजीने गंभीरपणे मान हलवली. “म्हणजी वरचा टोला जास्त झाला,” असं म्हणून तो दुरुस्तीला खाली गेला.

दापोडीत रेल्वेच्या कडेला ही इमारत आहे. बालाजी मूळचा लातूरकडचा, वय छत्तीस, एकटा राहतो. चाकणच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबतो आणि सुटीच्या दिवशी लॅपटॉपवर डीजेसाठी संगीत बनवतो. संगीत म्हणणंही तितकंसं खरं नाही. दोन वर्षांपासून तो एकच ठोका बनवतो आहे. त्या धंद्यात त्याला किक म्हणतात : ज्याच्यावर बाकी सगळं गाणं उभं राहतं, तो जाड दणका.

या दणक्याला त्याच्या मते तीन अवयव असतात. सुरुवातीचा टोला, मग पोट, मग शेपूट. “टोला कानाला, पोट छातीला. शेपूट आखूड पाहिजे, नाहीतर पुढच्या ठोक्याच्या पायात येतं.” तो साऱ्या जगाकडे याच नजरेने बघतो. गॅसवाल्याने सिलिंडर आपटला की “पोट बरंय.” तिसऱ्या मजल्यावरच्या सरांचं लोखंडी कपाट जिन्यावरून निसटलं, तेव्हा कुणाला लागलं का हे पाहायला सगळे धावले. बालाजीही धावला. हातात फोन होता. त्याने सरांना विचारलं, “परत एकदा पाडता येईल का?”

पुन्हा आपटून घेतलेलं कपाट, सिलिंडर आणि गव्हाचं पोतं हे तीन आवाज त्याने एकमेकांवर चढवले. तिप्पट दणका निघायला हवा होता, निघाला फुसका. “दोन पोटं समोरासमोर आली की एकमेकांला खातेत ओ,” त्याने मला समजावलं. मी वृत्तपत्राच्या कचेरीत तीस वर्षं काढली आहेत. मला हे नवीन नव्हतं.

शेवटी तो आपल्या प्रेसकडेच वळला. कारखान्यात फोन नेता येत नाही. म्हणून पहिली शिफ्ट सुटल्यावर तो मागच्या भिंतीला फोन टेकवून उभा राहायचा. आत दुसऱ्या शिफ्टचा माणूस प्रेस चालवायचा, दणका जमिनीतून भिंतीत यायचा. सुरक्षारक्षकाने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा विचारलं, “भिंतीला कान लावून काय ऐकतोस, भावा?”

“माझंच काम,” बालाजी म्हणाला.

त्या आवाजाला पोट होतं. इमारतीत सर्वांनी छातीवर हात ठेवून मान्य केलं. पण टोला दर रविवारी वाढत गेला. खिळा ठोकल्यासारखा कानात घुसायला लागला. तक्रार केली की तो म्हणायचा, “मला तर ऐकूच येईना ओ वरचं.” आम्ही हसायचो.

कारखान्यात वर्षाला कानांची तपासणी होते. यंदाचा कागद त्याने मला वाचायला आणून दिला, इंग्रजी होता. दोन्ही कानांची रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उजवीकडे, उंच पट्टीच्या बारीक आवाजांच्या जागी, खड्ड्यात गेली होती. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं.

“कानात घालायला बोळे देतात ना कंपनीत?”

“देतेत की. पण डाय, म्हणजी पत्र्याचा साचा, बिघडायला लागली की आधी प्रेसचा आवाज बदलतो. बोळे घातल्यावर कसं कळंल? अकरा वर्षांत माझा एक पत्रा वाकडा गेला न्हाई.” हे त्याने अभिमानाने सांगितलं. मग कागदाची घडी घातली. “ऐकू येलालंय तवर एक किक पक्की करायची, काका. एकच.”

त्याने किक भोसरीच्या एका डीजेवाल्याला पाठवली. उत्तर आलं : “खाली वाघ आहे, वरती टाचणी. टाचणी काढ.”

बालाजी कुठली टाचणी ते शोधत राहिला. त्याला ती सापडणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी तो वर आला तेव्हा छातीवर हात नव्हता. “तुमी खाली माझ्या खोलीत चला. मी टोल्याचं बटण फिरवतो, तुमी थांब म्हणा.”

मी खाली जाऊन त्याच्या लॅपटॉपसमोर बसलो. तो बटण उतरवत गेला. टाचणी बोथट झाली, मग दणक्यात मिसळली. मी थांब म्हणालो. त्याने पुन्हा वाजवून पाहिलं. खुर्ची हलली.

“टोला हाय अजून?”

“आहे. बरोबर आहे.”

“मला निसतं पोटच हाय,” तो म्हणाला आणि फाइल जतन केली.

पडद्यावर तिच्याशेजारी दुसऱ्या फायली होत्या. ‘आई सोमवार’, ‘आई गुरुवार’. माझी नजर गेलेली पाहून त्याने एक लावली. जाड, संथ, पुरुषी आवाज आला : “बाळू, जेवलास का? शेळी व्याली. दोन पिल्लं हायेत.”

“आईचा आवाज लई बारीक. फोनवर वाराच येतो निसता. मग तिला निरोप रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलंय. आवाज जाड करून खाली उतरवला की शब्द कळतेत.” त्याने ती फाइल बंद केली. “पर अशानं सगळ्याच दिवशी ती एकसारखी वाटती. मूळची लावतो. तुमी ऐकून सांगा.”

मी ऐकलं. आवाज बारीक होता, स्वच्छ होता.

“खोकला हाय?”

“नाही.”

“हसलालीय का?”

“हो,” मी म्हणालो. “पिल्लांचं सांगताना.”

त्याने मान डोलावली आणि ती फाइल मला पुन्हा एकदा ऐकायला लावली.