लांडग्याला रेशनकार्ड

पाहुण्यांना सोमवारचं बोलावणं धाडून झाल्यावरच रामकिशननी घरात सांगितलं. नर्मदाबाईंचं दर सोमवारी मौन. सकाळच्या पूजेपासून संध्याकाळी देवापुढं दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि लिहून दाखवलं तरी ते बोलणंच, असा त्यांचा कडक नेम. इतक्या वर्षांत नवऱ्याला तो पाठ व्हायला हरकत नव्हती.

"तुला काय बोलायचंय त्यात?" रामकिशन म्हणाले. "पोरगी दाखवायची, पोहे द्यायचे. बोलायला मी हाय की."

नर्मदाबाईंना खरी भीती त्याचीच होती.

पाहुणे सोनपेठकडचे. आश्रुबा, त्यांच्या मंडळी दैवशालाबाई आणि मुलगा जीवन. दोन्ही घरं मेंढ्यांची, तेव्हा ओळखपाळख काढायला वेळ लागला नाही. निकितानं आधीची स्थळं नाक मुरडून परत पाठवली होती. या खेपेला मात्र बशी देताना तिनं जीवनकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि त्यानं बशीत लिंबाची फोड नसताना लिंबू पिळलं. नर्मदाबाईंनी ते बरोबर टिपलं. आत आल्यावर पोरगी आईच्या कानाशी लागली, "आई, हे हातचं जाऊ देऊ नको." आईनं मान डोलावली. ही सोयरीक जुळावी, त्या दिवशी देवाकडं दुसरं मागणं नव्हतं.

टीव्ही तेवढा बंद करायचा राहून गेला होता. कुठल्याशा हल्ल्यावर चर्चा चालू होती आणि चार चौकटींतली चार माणसं एकदमच ओरडत होती. काहीतरी बोलायचं म्हणून आश्रुबा म्हणाले, की ह्या आतंकवादाच्या मुळाशी कुणी जात नाही. गरिबी, बेकारी, कुठंतरी झालेला अन्याय, त्यातूनच पोरं भडकतात. रामकिशननी हातातली बशी खाली ठेवली. त्यांच्या मते मूळबीळ काही नव्हतं. कायदा ढिला आणि सरकार मऊ, एवढाच सगळा मामला.

"लांडगा कळपात घुसला तर त्याला हाणायचा, का कामून आलास म्हणून इचारत बसायचं?"

"हाणा की. पण रानातली हरणं-ससे संपले म्हणून तो कळपाकडं यायलाय, ते बी बघा जरा."

"मग काय लांडग्याला रेशनकार्ड काढून द्यायचं?"

दैवशालाबाई पदराआड हसल्या. परक्या घरात आपलीच बायको हसावी, हे आश्रुबांना फार झोंबलं. ते पुढं सरकून बसले. रामकिशनचं म्हणणं, कुत्री वाढवावीत, त्यांचे पट्टे काढावेत आणि कुणाला चावली हे विचारू नये. पोलिसांचंही तसंच करावं. आश्रुबांनी मग आपल्या चुलत्याच्या कळपातली हकिकत सांगितली. तिथं कुत्री अशीच मोकाट सोडली होती. एके दिवशी कोकरू गेलं, आणि लांडग्याचा माग तर कुठंच नव्हता.

"कुत्र्याला बी धनी लागतो, पाव्हणं. न्हाईतर राखणारा आन् खाणारा एकच होतो."

हे आपल्यालाच उद्देशून आहे, असं रामकिशनना वाटलं. त्यांचा आवाज चढला. भांडणाला सारा दारूगोळा त्या टीव्हीतून मिळतोय हे नर्मदाबाईंना दिसत होतं, पण रिमोट नवऱ्याच्या मांडीखाली. त्यांनी दारातूनच टीव्हीकडं बोट केलं आणि अंगठा दाबून दाखवला.

"घ्या," रामकिशन खुशीत आले. "आमच्या घरातली बाईमाणूस बी म्हणायलीय, बटण दाबा आन् उडवून टाका एकदाचं."

आश्रुबा नर्मदाबाईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं बघतच राहिले. इतकी सोवळी बाई आणि थेट क्षेपणास्त्र. नर्मदाबाई घाबरल्या. तसं नाही हो, आता पुरे करा, म्हणून त्यांनी दोघांपुढं हात जोडले.

"बघा, बघा," आता आश्रुबांचा चेहरा उजळला. "वैनी हात जोडायल्यात. बोलणी करा म्हणतात त्या. आमच्याच इचाराच्या हायत."

एका दमात दोन्ही पक्षांना मत देऊन बसलेल्या नर्मदाबाई आत वळणार, तोच त्यांचं घड्याळाकडं लक्ष गेलं. शेवटची एसटी यायची वेळ झाली होती. त्यांनी लगबगीनं दोन्ही हात पुढं धरून स्टेअरिंग फिरवलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग रस्त्याकडं बोट केलं.

दोघंही पुरुष बुचकळ्यात पडले. अर्थ लावला तो दैवशालाबाईंनी.

"चक्र हाय म्हणतात त्या. ह्यानं मारलं म्हणून त्यानं मारलं, त्यानं मारलं म्हणून ह्यानं. फिरतच राहतं. आन् लय लांबवर जातं."

रामकिशननी बायकोकडं नव्यानं पाहिलं. आश्रुबांनी मान डोलावली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. खिडकीशी बसलेल्या जीवननं एसटी जाताना पाहिली, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, आणि तो काहीच बोलला नाही.

चक्राचा परिणाम फार टिकला नाही. ते चक्र आधी कुणी फिरवलं, यावरून पुन्हा जुंपली. तुमच्यासारख्यांमुळंच देश मऊ पडला, असं रामकिशन बोलून गेले आणि आश्रुबा उभेच राहिले.

"जिथं इचार जुळंनात तिथं सोयरीक काय जुळायची? उठा, चला."

आत निकिताच्या हातून पातेलं आदळलं. पाहुणे पिशव्या घेऊन तरातरा फाट्यापर्यंत गेले, आणि थोड्या वेळानं सावकाश परत आले. आता सकाळशिवाय गाडी नव्हती.

अपमान झालेल्या माणसाला अपमान करणाऱ्याच्याच घरी मुक्काम करणं काही सोपं नसतं. त्यात त्यांच्याकडची रीत अशी, की मुलाकडच्यांनी चहा-पोहे खुशाल घ्यावेत, पण गोडाचा घास होकाराशिवाय घ्यायचा नाही. गोड खाल्लं की सोयरीक पक्की. म्हणून आश्रुबांनी उंबऱ्यातच खुलासा केला, "आमी पिठलं-भाकरी खाऊन पडून राहतो. गोडाधोडाचं नाव काढू नका." रामकिशननीही, कोण आग्रह करायलाय, असं तोंड केलं.

दिवेलागण झाली. नर्मदाबाईंनी देवापुढं दिवा लावला, नाव घेतलं आणि बाहेर आल्या. सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"आता सांग तू," रामकिशन म्हणाले. "माझं बरोबर का ह्यांचं?"

"मी रिमोट मागायले होते," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. "मग भांडू नका म्हणून हात जोडले. आन् एसटी आली म्हणून स्टेरिंग फिरवून दाखवलं."

दैवशालाबाईंना हसू आवरेना. जीवन खिडकीबाहेर बघू लागला. आश्रुबा मात्र मागं हटणारे नव्हते. एसटीचं असो नाहीतर कशाचं, चक्राचं म्हणणं खरंच होतं, असं म्हणून त्यांनी लांडग्याला पुन्हा रानातून हाकून आणलं. नर्मदाबाई नेहमीप्रमाणे नैवेद्याचा शिरा वाटत फिरत होत्या. पुढं प्रसाद आला की माणसाचा उजवा हात आपोआप पसरतो. "माझं म्हणणं एवढंच हाय, लांडगा मुळात..." म्हणत आश्रुबांनी प्रसाद कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

शिरा कढत होता. शिवाय गोड होता. दोन्ही गोष्टी त्यांच्या एकदमच लक्षात आल्या. प्रसाद थुंकता येईना, गिळता येईना.

"इवाई," रामकिशनच्या तोंडून व्याह्याची हाक निघून गेली.

आश्रुबांचे डोळे पाण्यानं भरले. ते अंगठा पुन्हा पुन्हा तोंडाकडं नेऊ लागले. दुपारपासून खुणांचा अर्थ लावून दैवशालाबाईंचा हात चांगलाच बसला होता.

"समद्यांचं तोंड गोड करा म्हणायलेत. होकार हाय त्यांचा."

रामकिशननी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. जीवन पाया पडायला वाकला. दाराआडून निकिताच्या बांगड्या वाजल्या.

आश्रुबांना पाणी हवं होतं. ते एकट्या नर्मदाबाईंनाच कळलं. दिवा लागला होता, बोलायला आता मुभा होती. पण त्या काही बोलल्या नाहीत. मनातल्या मनात देवाची क्षमा मागून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, आणि जरा सावकाशच नेला.