अध्यक्षांचे परदेशी संबंध

सोनावणेभाऊंच्या घरी दूध उतू गेलं तरी त्याची चौकशी होत असे. पातेलं लहान होतं का, गॅस कोणी मोठा केला, आणि त्या वेळी जबाबदार इसम कुठे होता. बायको वारल्यापासून भाऊ एकटेच राहत, त्यामुळे साक्षीदारही तेच आणि आरोपीही तेच. निकाल मात्र बहुतेक वेळा दूधवाल्याच्या विरोधात लागे.

अंबरनाथ पूर्वेला आमची सोसायटी, आणि भाऊ तळमजल्यावर. एका कारखान्याच्या गेटवर कामगारांची झडती घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाले, तरी माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पिशवीकडे बघायची सवय सुटली नाही. "कसं काय भाऊ?" असं कोणी सहज विचारलं, तर ते आधी "का?" असं विचारत.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या माणसांनी चोरून परदेशात शस्त्रं विकली, असा गवगवा झाला होता आणि त्याच्या चौकशीसाठी तिकडे एक खास वकील नेमला होता. आम्ही ती बातमी वाचून पान उलटलं. भाऊंना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या विचारांचा भेटला होता. रोज सकाळी ते वासुमलच्या दुकानासमोर उभे राहत. वासुमल हा उल्हासनगर कॅम्प दोनमधून आमच्याकडे किराणा दुकान टाकायला आलेला सिंधी. गिऱ्हाईक आणि वाद, दोन्ही तो एकाच वेळी सांभाळी.

"वासुशेठ, मुद्दा समजून घ्या," भाऊ म्हणत. "अध्यक्षाची चौकशी अध्यक्षाच्याच हाताखालच्या माणसाने केली, तर तो काय दिवे लावणार? बाहेरचा माणूस पाहिजे. स्वतंत्र."

"पण त्या बाहेरच्याला पगार कोण देतो? सरकारच ना?" वासुमल साखर तोलता तोलता म्हणे. "मग कसला स्वतंत्र? साईं, बडा आदमी है, धंदा तो करेगा. तुम्ही डाळ घ्या, चांगली आलीय."

"डाळ नंतर. उद्या अध्यक्षाने त्या वकिलालाच काढून टाकला तर?"

"दुसरा ठेवील."

"ह्या वृत्तीनेच देश बुडतात," असं म्हणून, कोणता देश ते न सांगता, भाऊ डाळ घेऊन घरी जात.

एकदा वासुमल कंटाळून म्हणाला, "भाऊ, अमेरिका सोडा. आपल्या अध्यक्षाकडे बघा की जरा."

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे मोकाशी. निवृत्त शिक्षक. रागावले तरी समोरच्याला नमस्कार करून रागावणारे. सगळ्या इमारतीत फोन तेवढा त्यांच्याकडे होता. वासुमल गमतीने बोलला, पण भाऊंच्या शब्दकोशात गंमत हा शब्द नव्हता. त्यांनी जिन्यात खुर्ची टाकली आणि पाळत सुरू केली.

सोसायटीच्या सभेत त्याचा स्फोट झाला. गच्चीच्या गळतीवर चर्चा चालली असताना भाऊ उठले आणि त्यांनी टेबलावर एक थर्मास ठेवला.

"हा मला दिवाळीत अध्यक्षांनी दिला. म्हणे ज्येष्ठ सभासद म्हणून. तळाला अरबी अक्षरं आहेत. शुक्रवारी अध्यक्षांकडे फोन येतो, तेव्हा ते दार लोटून घेतात आणि ओरडून बोलतात, म्हणजे फोन लांबचा. अध्यक्षांचे परदेशी संबंध आहेत. स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे."

लोक पोट धरून हसले. मोकाशी तेवढे हसले नाहीत. ते कपाळ पुसत म्हणाले, "माझी ना नाही. पण करणार कोण?"

"भाऊच करतील," मागून कोणीतरी म्हणालं, आणि करमणूक फुकट होती म्हणून सगळ्यांनी हात वर केले. भाऊंनी कोणाच्या घरात शिरून कपाटं उघडू नयेत, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मला त्यांच्या सोबत दिलं.

भाऊ पेटलेच. पोस्टमनला अडवलं, मोकाशींच्या मोलकरणीला उलटसुलट प्रश्न विचारले. मोकाशींच्या घरात खजूर दिसला, तर त्याचा उगम शोधत वासुमलपर्यंत गेले. "मीच विकला, साईं," वासुमल म्हणाला. "आता माझी पण चौकशी?" भाऊ म्हणाले, "वेळ आली की."

शेवटी एका शुक्रवारी सकाळी आम्ही मोकाशींच्या दारात उभे राहिलो.

"बरं झालं आलात," मोकाशी म्हणाले. "मलाही आता हे झेपत नाही."

"फोन कोणाचा येतो?" भाऊंनी उभ्याउभ्याच विचारलं.

मोकाशींनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग भाऊंकडे. "तुमच्या अशोकचा."

अशोक भाऊंचा एकुलता मुलगा. तो त्याच कारखान्यात लागला होता. मुलाला सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून भाऊ गेटवर त्याला इतरांपेक्षा जास्त तपासत. सगळ्या पाळीसमोर त्याला जेवणाचा डबा उघडायला लावत, भाजी चमच्याने हलवून बघत. एके दिवशी अशोकने डबा बंद केला, नोकरी सोडली आणि मस्कतला निघून गेला. त्यानंतर भाऊंनी त्याचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही विचारणं सोडलं.

"तिकडे शुक्रवारी सुट्टी असते," मोकाशी सांगत होते. "तुमचा खोकला कमी आहे का, वेळेवर जेवता का, विचारतो. तुम्हाला कळू देणार नाही अशी शपथ घातली होती त्याने मला. थर्मासही त्यानेच पाठवला. तुम्ही माझ्याकडून तरी घ्याल, म्हणून मी ते ज्येष्ठ सभासदाचं काढलं."

भाऊ खुर्चीत बसले.

फोन वाजला. मोकाशींनी रिसीव्हर उचलला आणि भाऊंच्या हातात दिला. भाऊ उठून ताठ उभे राहिले. तोंडातून प्रश्न निघाला तो गेटवरचाच.

"पूर्ण नाव?"

पलीकडच्या खरखरीतून मलाही ऐकू आलं, "अशोक गणपत सोनावणे."

भाऊंनी डोळे मिटले. "बरं," ते म्हणाले. "ये आत."

मोकाशींनी मला बाहेर आणलं आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या सभेत अहवाल ऐकायला कधी नव्हे ती सगळी बिऱ्हाडं हजर. भाऊ उठले. "चौकशी बंद करतो आहे. संबंध आहेत. राहू द्या." एवढंच.

हशा उसळला. मला सांगून टाकावंसं वाटलं, पण भाऊंनी सभेआधीच माझ्याकडून गप्प राहायचा शब्द घेतला होता.

"फोडलं वाटतं भाऊ, अध्यक्षांनी तुम्हाला?" मागून कोणीतरी ओरडलं.

भाऊंनी वळून बघितलं. "हो," ते म्हणाले. "फोडलं." आणि मोकाशींच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.