गोदाबाईंचा पोकरचा वर्ग

मुलांनो, एका जंगलात पोकरचं वेड शिरलं. कुठून शिरलं ते विचारू नका. वेड काही दार वाजवून येत नाही.

पोकर म्हणजे पत्त्यांचा खेळ. हातात चांगले पत्ते असतील तर फारच छान. नसतील तर ते आहेत असं समोरच्याला वाटलं पाहिजे. जंगलात पैसे नव्हते, म्हणून चिंचोके लावत. वर्षाच्या शेवटी जो अजिंक्य ठरेल, त्याला नदीकाठचा मोठा कातळ मिळे. त्यावर हिवाळाभर सकाळचं पहिलं ऊन येई.

हा कातळ वर्षानुवर्षं गोदाबाई घोरपडीकडे होता. त्यांचा चेहराच तसा होता. एक्का येवो की दुर्री, पापणी हलत नसे. शिवाय घोरपडीचं रक्त थंड. ऊन मिळालं नाही, तर दुपारपर्यंत त्यांना शेपूटसुद्धा उचलवत नसे. इतर जण मानासाठी खेळत. गोदाबाई उबेसाठी खेळत.

एके दिवशी झिपरू नावाचा तरुण मुंगूस त्यांच्या पायाशी येऊन बसला. चांगला पत्ता आला की त्याची शेपटी फुले आणि समोरचे लगेच पत्ते टाकून उठून जात.

"बाई, मला शिकवा," तो म्हणाला.

गोदाबाईंना आजवर कुणी 'बाई' म्हणून एवढ्या आदराने हाक मारली नव्हती. लोक 'ती घोरपड' म्हणत. त्या विरघळल्या. अर्थात, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

त्यांनी झिपरूला नाकावर मुंगी घेऊन बसायला लावलं. समोर अंडं ठेवून दुसरीकडे बघायला लावलं. मुंगसाला यापेक्षा कठीण तप नाही. पण झिपरू शिकला. शेपटी गप्प बसायला लागली आणि तो जिंकायला लागला.

झाडावरची वानरं सामन्यांचं समालोचन करत. आधी ती म्हणायची, "हा गोदाबाईंचा शिष्य!" मग म्हणू लागली, "या झिपरूच्या गुरू." पावसाळा संपेपर्यंत गोष्ट "झिपरू आणि त्याच्या शेजारी बसलेलं कुणीतरी" इथवर आली.

गोदाबाईंना ते लागलं. त्यामुळे एक गोष्ट त्यांनी सांगायची लांबवली. थाप मारताना झिपरूची डावी मिशी थरथरायची. 'उद्या सांगू,' असं त्या रोज ठरवत.

अंतिम सामना नेमका त्या दोघांत आला. थंडीची सकाळ होती. गोदाबाई कशाबशा सरपटत आल्या. पत्ते उचलायला पंजा वळेना.

वानरं ओरडली, "चला, सुरू करा!"

"बाईंना ऊन लागल्याशिवाय मी पत्ता उचलणार नाही," झिपरू म्हणाला आणि खुशाल बसून राहिला.

गोदाबाईंना लाज वाटली. उन्हात अंग जरा सैल झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "झिपऱ्या, थाप मारताना तुझी डावी मिशी थरथरते रे. सांभाळ."

झिपरूने मिशी चाचपली, बाईंच्या पाया पडला आणि खेळायला बसला.

दुपारी शेवटचा डाव आला. समोर मांडलेल्या पत्त्यांत दोन राजे होते, एक नव्वी होती. गोदाबाईंच्या हातात तिसरा राजा. झिपरूने आपले सगळे चिंचोके पुढे सारले. त्याची डावी मिशी थरथरत होती.

'पोरगं बिचारं,' गोदाबाईंना वाटलं. 'एवढी जुनी खोड एका सकाळीत कशी जाणार?' त्यांनीही सगळे चिंचोके लावले.

झिपरूने पत्ते उघडले. दोन नव्व्या. मांडलेल्या पत्त्यांशी मिळून तीन नव्व्या आणि दोन राजे. तीन राजांना हे भारी पडतं.

"अरे, मिशी तर थरथरत होती!"

"थरथरवली, बाई," झिपरू मान खाली घालून म्हणाला. "रागावलात?"

कातळ गेला होता. 'आता हिवाळा कसा काढायचा?' असं वाटत होतं. आणि तरी 'काय खेळला पोरगा!' असंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच चेहऱ्यावर दिसलं नाही.

वानरांनी झिपरूला विचारलं, "या यशाचं रहस्य काय?"

"सगळं बाईंचं," झिपरू म्हणाला. तो खरंच चांगला मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंच्या बिळासमोर रांग लागली. कान ताठ होणारा ससा आला. काटे उभारणारं साळिंदर आलं. पिसारा आवरता न येणारा मोर आला. अजिंक्य ठरलेल्याकडे कुणी फिरकलं नाही. सगळ्यांना अजिंक्यवीर घडवणारी हवी होती. एवढा वर्ग बिळात मावेना. तेव्हा पंचांनी कातळ 'शैक्षणिक कामासाठी' गोदाबाईंना देऊन टाकला. झिपरूला त्याच्या बदल्यात हार मिळाला. झेंडूचा होता.

गोदाबाई आता हिवाळाभर कातळावर पसरून शिकवतात. हरण्याची भीती उरली नाही, कारण त्या खेळतच नाहीत.

झिपरूही सावलीत बसून विचार करू लागला आणि त्याने एका उंदराला शिष्य केलं. हातचं काही न राखता शिकवलं. मग अंतिम सामन्यात जीव तोडून हरायचा प्रयत्न केला. पण उंदीर इतका घाबरट, की दरवेळी पत्ते टाकून मोकळा. झिपरू बिचारा सलग तीन वर्षं अजिंक्य आहे.

तात्पर्य : मुलांनो, गुरूने शिष्यापासून काही लपवून ठेवू नये. शिष्य मोठा होतो की नाही ते त्याचं तो बघेल, पण त्याच्याकडून एकदा नीट हरता आलं की गुरूची आयुष्यभराची सोय होते.