अभयारण्यातला पाहण्याचा कार्यक्रम

आपल्याकडे कुणी टक लावून बघतंय हे कळलं की कुठलाही प्राणी नैसर्गिक वागायचं सोडून देतो, असं जीवशास्त्र सांगतं. तरीही आपल्यात लग्नं जमवायची ती बघूनच, आणि तीही दोन्हीकडच्या आईबापांच्या देखत. या अडचणीवर शास्त्रशुद्ध तोडगा काढण्याचा मान अमिरातीतल्या मराठी मंडळींकडे जातो, हे मी इथे अभिमानाने नमूद करतो.

मी अनिल. पोटासाठी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळतो आणि हौसेपोटी लग्नं जमवतो. आजवर सहा जमवली (पाच टिकून आहेत, सहाव्यातली दोघंही मला दिवाळीचा फराळ पाठवतात, वेगवेगळ्या घरांतून). माझ्या पाहणीनुसार इथली चाळीस टक्के स्थळं पत्रिकेवरून फिसकटतात, तीस टक्के मुलीच्या पगारावरून, वीस टक्के मुलाच्या आईवरून आणि उरलेली दहा टक्के पार्किंग मिळालं नाही म्हणून.

प्रस्तुत प्रकरण मैथिलीचं. सदानंद आणि अनुराधावहिनी यांची ही एकुलती एक मुलगी, इथेच वाढलेली. कुठला कंटेनर कुठे जाईल हे ती जबल अली बंदरात बसून ठरवते. आपण कुठे जायचं हे आईने ठरवायला मात्र तिची हरकत होती. तरी बिचारीने अकरा मुलं पाहिली. बाराव्याचं नाव काढलं तेव्हा तिने आईला निक्षून सांगितलं, "आई, धिस इज द लास्ट वन. आफ्टर धिस, खलास." तेव्हापासून वहिनींची झोप उडाली होती.

बारावा म्हणजे रास अल खैमाचा शार्दूल. वडील संजयराव सिरॅमिकच्या कारखान्यात, आई स्मितावहिनी घरी, मुलगा बँकेत. पत्रिका जुळत होती, पगार जुळत होते. प्रश्न जागेचा होता. घरी करावं तर अख्ख्या इमारतीला वास लागतो. मागचं स्थळ मॉलमधल्या हॉटेलात पाहिलं, तेव्हा बिल यायच्या आधी इथल्या मराठी मंडळातल्या तिघींचे अभिनंदनाचे फोन आले होते. सबब, जिथे मराठी माणूस फिरकणार नाही अशी जागा हवी होती, आणि वाळवंटातल्या एका खासगी अभयारण्यातला सफारी लॉज मीच सुचवला. ('लॉज' ऐकून स्मितावहिनींचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडसमोरचा लॉज आला होता. मग एका रात्रीचा दर ऐकून संजयरावांचा पडला.)

लॉज उत्तम होता. प्रत्येकाला वेगळा तंबू, तंबूत झुंबर, तंबूपुढे पोहायचा तलाव आणि आवारात मोकळे फिरणारे ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांची पांढरी हरणं. स्वागतकक्षात शिरलो तर आणखी दोन मराठी कुटुंबं मुलामुलींसह बसलेली. सगळ्यांनी एकमेकांना ओळखलं आणि सगळेच म्हणाले, "आम्ही आपले सहज, प्राणी बघायला."

पाहुण्यांसाठीचे नियम भिंतीवर लावले होते. मोठ्याने बोलू नये. बोट दाखवू नये. एकदम जवळ जाऊ नये. बळेच खाऊ घालू नये. दर्शनाची हमी नाही. हे नियम आपल्या पूर्वजांच्या हाती वेळेवर पडते, तर आज कितीतरी घरांत शांतता नांदली असती, असं माझं नम्र मत आहे.

कार्यक्रमाला पोहे हवेतच, असा अनुराधावहिनींचा आग्रह होता. शेफने ते केलेही. परातीएवढ्या ताटलीत मधोमध तीन चमचे पोहे, वर एक खाण्याजोगं फूल. ती ताटली लॉजचा बटलर तहा घेऊन आला. स्मितावहिनींनी सवयीने त्यालाच विचारलं, "आपने खुद बनाया?" तहा प्रामाणिकपणे "नो मॅडम" म्हणाला, आणि त्याचं स्थळ तिथल्या तिथे नापास झालं.

मग रीतीप्रमाणे सदानंद म्हणाला, "आता दोघांना जरा मोकळं बोलू द्या." मुलांना पाणवठ्याकाठच्या बाकावर बसवलं आणि त्यांना पूर्ण एकांत मिळावा म्हणून आम्ही पाचही वडीलधारे जीपमधून सफारीला निघालो. जीपमध्ये लॉजतर्फे चार दुर्बिणी होत्या. आमचा चालक खैरुद्दीन ओरिक्सचा एक कळप उजवीकडे दाखवत होता. चारही दुर्बिणी डावीकडे होत्या.

"बोलतायत का?" अनुराधावहिनींनी विचारलं.

"तो बोलतोय. ती ऐकतेय," स्मितावहिनी म्हणाल्या.

"ऐकतेय?" सदानंद म्हणाला. "मग ती मैथिली नसेल."

"मॅडम, ओरिक्स इस तरफ है," खैरुद्दीन म्हणाला.

"हां हां, देखा. तुम गाडी जरा पीछे लो ना, वो झाड बीच में आता है."

गाडी मागे गेली. आता मैथिली काहीतरी सांगत होती आणि शार्दूल मान डोलावत होता. संजयरावांच्या मते ती संमती होती, स्मितावहिनींच्या मते मानदुखी. तेवढ्यात मैथिली हसली. नुसती नाही, मान मागे टाकून हसली.

अनुराधावहिनींनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "अनिलभाऊजी, तिने लग्न करायलाच हवं असं माझं काही नाही हो," त्या मला हळूच म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी हे रिटायर झाले की आम्हाला पुण्याला जावं लागेल. मग ती इथे एकटी. ते मला सोसत नाही." मला फार वाईट वाटलं. मी त्यांना ओरिक्स दाखवला.

इकडे खैरुद्दीनने आपलं कर्तव्य केलं. दुर्मिळ काही दिसलं की चालकांनी एकमेकांना वायरलेसवर कळवायचं, असा तिथला शिरस्ता आहे. तो गंभीरपणे म्हणाला, "वॉटरहोल पे जोड़ा है. लड़की हँसी है. यल्ला, जल्दी आओ." थोड्याच वेळात अभयारण्यातल्या सगळ्या जीपा पाणवठ्याभोवती अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. त्यांत ती दोन मराठी कुटुंबं होती. एक जर्मन जोडपंही होतं. त्यांना हस्तिदंती रंगाच्या कुडत्यातला तो नर कुठल्या जातीचा, हे जाणून घ्यायचं होतं (स्मितावहिनींनी पोटजातीसकट सांगितलं).

मैथिली उठून उभी राहिली. तिने आम्हा सगळ्यांकडे बघून हात हलवला. सगळ्या दुर्बिणी एकदम आकाशाकडे वळल्या. संजयराव रिकाम्या वाळूकडे बोट दाखवून म्हणाले, "वा, काय सुंदर हरीण!" दुर्बिणी खाली आल्या तेव्हा बाक मोकळा होता, आणि वहिनींच्या फोनवर निरोप होता: 'गोइंग फॉर करक चाय विथ शार्दूल. प्लीज एन्जॉय द ओरिक्स.'

पुढचा सगळा वेळ आम्ही ओरिक्स बघितले. तसा कंटाळवाणा वेळ मी कस्टम्सच्या रांगेतही काढलेला नाही.

अंधार पडल्यावर दोघं परत आली. सगळे उठून उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आत शार्दूल माझ्या मते फार नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही कळवू." मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना ऐकवायचं ते वाक्य मुलांनी दोन्हीकडच्यांना एकाच दमात ऐकवलं. अनुराधावहिनी रात्रभर त्यावर विचार करत राहिल्या आणि सकाळी निघताना त्यांनी मुलीला काहीही विचारलं नाही. एकोणतीस वर्षांत हे प्रथमच घडलं. मैथिलीने गाडीत बसण्याआधी त्यांना मिठी मारली आणि सामान ठेवायच्या निमित्ताने मला बाजूला घेऊन काय ठरलंय ते सांगितलं. मला फार आनंद झाला, किंवा झाला नाही. मी शब्द दिला आहे.

आता तुम्ही विचाराल, मग जमलं का? वाचकहो, तुम्ही ना मुलीकडचे, ना मुलाकडचे. एका दुर्मिळ प्राण्याच्या अभयारण्यात मी तुम्हाला फुकट हिंडवून आणलं. तो किती उंच असतो, काय खातो, वाळवंटात पाण्यावाचून कसा जगतो, यातलं मी तुम्हाला अवाक्षरही सांगितलं नाही, आणि त्याबद्दल तुमची एका ओळीचीही तक्रार नाही.